सासूबाईंची मासळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही, लेकीला तर नाहीच. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे— उरलेलं अर्धं फक्त माझ्याकडे आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाहीये. कबुली देणारं माणूस रडलेलं बघायला तुम्हाला आवडत असेल, तर इथेच थांबलात तरी चालेल.

चूक नेमकी कुठली, ते मात्र नीट सांगायला हवं. कारण ह्या गोष्टीचे दोन भाग आहेत, आणि त्यातल्या पहिल्या भागाबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. लोक दोन्ही भागांची मोट बांधतील आणि म्हणतील, बघा, सुनेनं काय केलं. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले. म्हणूनच? बघू.

आमचं घर तेव्हा लालबागला, चाळीत. दहा बाय बाराची एक खोली आणि वर पोटमाळा. खाली सासूबाई, सासरे आणि नणंद सुनीता. माळ्यावर मी आणि माझा नवरा, दिनेश. माळ्यावर ताठ बसता यायचं नाही, डोकं छताला लागायचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी कुजबुजण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या आवाजात बोललो नव्हतो. वाढवून सांगत नाही. भांडायचो तेसुद्धा कुजबुजत. तुम्ही कधी कुजबुजत भांडलायत? करून बघा एकदा. भांडण संपतं, राग तसाच राहतो.

दार बंद करायचीही सोय नव्हती. चाळीत भरदिवसा दार लागलं की शेजारी कडी वाजवतात— काय झालं, कुणाला बरं नाही का? चांगल्या मनानं विचारतात हो, पण विचारतात. तशात मला दिवस कसे राहिले हे विचारू नका. एका रविवारी सगळे खोपोलीला लग्नाला गेले होते आणि माझं डोकं दुखत होतं, एवढंच सांगते.

सहावा महिना लागला तेव्हा ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, बाळ यायच्या आधी नवरा-बायकोनं चार दिवस कुठेतरी निवांत जाऊन यायचं, त्याला बेबीमून म्हणतात. नाव ऐकून मला हसू आलं. पण घरी येईपर्यंत दुसरं काही डोक्यात शिरेना. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग मी बाळंतपणाला माहेरी कणकवलीला जाणार, मग बाळ. म्हणजे आम्ही दोघं असे ह्यापुढे कधीच नसणार. आणि ह्याआधी तरी कुठे होतो? मी दिनेशला म्हटलं, माथेरान. तो म्हणाला, विचारतो.

आता तुम्ही म्हणाल, मोठी माणसं, विचारायचं कशाला, सांगायचं. तुम्ही आमच्या घरात राहिला नाहीत. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पोटात पोर आसताना घाट-बीट काय नको. जावचा तर सगळे जावया." सुनीता म्हणाली, वहिनी, मी येते, तुझी बॅग कोण उचलणार? मग मामेसासूबाईंना कळलं, त्यांच्या दोन मुलांना कळलं. आठ दिवसांत आमच्या दोघांच्या निवांतपणाची गणपतीपुळ्याची सहल झाली, माणसं नऊ आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. सासरे तर कुठली सीट कुणाची हेसुद्धा ठरवत होते. सगळे इतके खूश होते! आणि मला त्या सगळ्यांचा इतका राग आला, की तो आज लिहितानाही हाताशी आहे.

मी काय केलं? खोटं बोलले.

आमच्या ऑफिसातल्या वैशालीच्या आईवडिलांची गिरगावात एका वाडीत खोली होती. ते दोघं तिच्या भावाकडे नाशिकला गेलेले, खोली महिनाभर बंद. वैशालीनं एक शब्द न विचारता किल्ली हातावर ठेवली— तिचा स्वतःचाही संसार डोंबिवलीच्या एका खोलीतच सुरू झालेला होता. लालबागहून गिरगाव, बसनं अर्धा तास. माथेरान नको, समुद्र नको, कुठलंच ठिकाण नको. मला आतून कडी असलेली एक रिकामी खोली हवी होती.

घरी सांगितलं, की बाळाची वार खाली सरकली आहे, डॉक्टरांनी चार दिवस दाखल व्हायला सांगितलंय, वाशीला, वैशालीच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे. सोबतीला एकच माणूस, भेटायला कुणाला सोडत नाहीत. सहल तिथेच रद्द झाली. एवढ्यानं भागेल असं मला वाटलं होतं. पण सासूबाई डब्याची पिशवी काढू लागल्या. मी वाशीला येऊन खाली बाकावर बसेन म्हणाल्या, वर नाही सोडलं तर नाही. आणि तेव्हा— दिनेश बाजूला शर्टाची बटणं लावत उभा होता— मी म्हटलं, "आई, बाळाचं काही खरं नाही म्हणालेत. जास्त माणसं, जास्त दगदग नको म्हणालेत."

हे वाक्य माझं. दिनेशचं नाही. त्यानं बटणावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सासूबाई ओट्याला टेकून खाली बसल्या. मला ते दिसलं. दिसूनही मी बॅगेची चेन लावली.

त्या चार दिवसांबद्दल ऐकायचंय? सांगते, कारण त्यांची मला लाज नाही. पहिल्या दिवशी सकाळी साडेअकराला आम्ही कडी लावली. भरदिवसा! दोघंही दाराकडे बघत उभे राहिलो, आता कुणीतरी वाजवणार म्हणून. कुणी वाजवलं नाही. मी ओढणी काढून खुंटीला टांगली आणि ती दिवसभर तिथेच राहिली. घरी सगळ्यांसमोर मी त्याला अहो म्हणायची, माळ्यावर काहीच नाही, नुसतं कोपरानं ढोसायची. इथे मी खोलीच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाला हाक मारली, दिनेश! आणि तो दचकला. आपलंच नाव बायकोच्या तोंडून मोठ्यानं ऐकून दचकला माणूस.

दुसऱ्या दिवशी आम्ही भांडलो. कशावरून ते आता आठवत नाही— बहुतेक त्यानं टेम्पो ट्रॅव्हलरला होकार दिला होता त्यावरून. मी ओरडले. तो ओरडला. तीन वर्षांचं साठलेलं सगळं ओरडून झालं. समोरच्या खिडकीतल्या आजी बघायला आल्या आणि मी त्यांच्या तोंडावर खिडकी लावली. मग आम्ही इतके हसलो, की पोटातली पोर लाथा मारायला लागली आणि त्यानं पहिल्यांदा, उजेडात, माझ्या उघड्या पोटावर हात ठेवला. माळ्यावर अंधारात ठेवायचा, पण तेव्हा खाली कोण जागं आहे इकडे दोघांचे कान असायचे. संध्याकाळी चौपाटीवर जाऊन बसलो. दुपारी झोपलो, पाय पसरून, आडवेतिडवे. त्यानं कांदेपोहे केले आणि खारट केले. बस. एवढंच. माझ्या सबंध संसारातले मला कुणी कुठले दिवस परत देऊ केले, तर मी हेच चार मागेन. लग्न नको, बारसं नको.

ह्याला तुम्ही गुन्हा म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

पाचव्या दिवशी घरी आलो. गाल वर आलेले, डोळे स्वच्छ. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, आता कसं? मी म्हटलं, आता धोका नाही, आई. तेवढं एक तरी खरं होतं.

तो बुधवार होता. घरात सुरमई तळलेली, बांगड्याचं तिखलं. सगळ्यांची ताटं वाढली आणि सासूबाई स्वतः डाळभात घेऊन बसल्या. आता माझ्या सासूबाई आणि मासळी म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं. मालवणच्या बाई. मटणाला त्या पाहुण्यांचं जेवण म्हणायच्या. बाजारात कोळणी त्यांना घाबरायच्या, कारण कल्ले न उघडता, नुसतं बोटानं दाबून, मासा सकाळचा की कालचा ते त्या सांगायच्या. बांगड्याचं डोकं त्या शेवटी खायच्या, दहा मिनिटं, कुणाशीही न बोलता. सोमवार आणि संकष्टी ह्या दोन गोष्टी त्यांनी देवावर उपकार केल्यासारख्या पाळल्या. त्या बाई डाळभात कालवत होत्या.

सुनीतानंच सांगितलं. आम्ही वाशीला गेलो— म्हणजे गेलो असं त्यांना वाटलं— त्या सकाळी आईनं गावच्या देवीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला. नवस बोलली. पोर सुखरूप हातात येऊ दे, जन्मभर मासळी तोंडात घालणार नाही.

जन्मभर. वर्षभर नाही, बारशापर्यंत नाही. मला त्याही क्षणी राग आला, हे लिहून ठेवते. कुणी सांगितलं होतं? मी मागितला होता का नवस? एक नारळ, एक साडी, पाच शुक्रवार— देवीला चाललं असतं की! पण ह्या घरात कुठलीच गोष्ट लहान करायची पद्धत नव्हती. सहल नऊ जणांची आणि नवस जन्माचा. मी माझ्या पानातली तुकडी खाल्ली. पूर्ण खाल्ली. दिनेशनं अर्धी टाकली.

सई झाली. तीन किलोची, धडधाकट, रडून वॉर्ड डोक्यावर घेणारी. सासूबाई तिला पाहून म्हणाल्या, फळाला आलं.

नंतरची वर्षं कशी गेली ते ऐका. स्वयंपाक त्याच करायच्या. मासळी आणायच्या त्याच, निवडून, कोळणीशी भांडून. साफ त्या करायच्या, कोकम त्या घालायच्या, आणि चव बघता येत नाही म्हणून प्रत्येक वेळी पळीभर कालवण माझ्यापुढे धरायच्या. "मीठ बघ गो." आठवड्यातून तीनदा. मी बघायची. बरोबर आहे म्हणायची, कधी चिमूटभर हवं म्हणायची. तुम्ही म्हणाल, घास कसा उतरायचा घशाखाली? उतरायचा. पहिले काही महिने अडकायचा, मग उतरायला लागला. माणूस सवयीचं असतं, आणि तिखलं खरोखर फार छान असायचं.

त्याही काही गरीब गाय नव्हत्या. पाहुणे आले की सांगायच्या, सुनेच्या पोटासाठी मी मासळी सोडली. सुनीताच्या लग्नात विहीणबाईंना सांगितलं, शेजारच्या काकूंना दर पितृपक्षात सांगितलं. माझी बढती झाली, मी सासरच्या नावावर न चालता स्वतःच्या पायावर चालायला लागले, तेव्हा कुठल्याशा वादात म्हणाल्या, तुझ्यासाठी काय सोडलंय ते विसरू नको. मी मनात म्हटलं, सोडा तर मग! राहा तशाच! हो, असं म्हटलं. मनातल्या मनात, पण शब्द हेच होते.

दिनेश दोनदा म्हणाला, सांगून टाकूया. एकदा सासरे गेले त्या वर्षी, एकदा चाळ पाडून आम्ही ह्या नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर आलो तेव्हा. दोन्ही वेळा मी म्हटलं, तू काय सांगणार? आई, तू घाबरलीस तेव्हा आम्ही गिरगावात हसत होतो? त्याला गप्प करणं कधीच कठीण नव्हतं.

इथवर जे सांगितलं ते त्याला ठाऊक आहे. आता त्याला ठाऊक नसलेलं सांगते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, अंगात काही राहिलेलं नाही, खायला हवं. अंडी त्यांना सोसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजी, मालवणच्या ना तुम्ही? मासे खा. सासूबाई हसल्या नुसत्या. दिनेशनं मग डोकं चालवलं. गावी त्याचा चुलतभाऊ आहे, त्याला फोन केला. म्हणाला, देवीला कौल लाव. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे गुरव देवीच्या मूर्तीला कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि विचारतो. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर कौल लागला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं— म्हातारी थकली, नवस तुला पोचला, आता तिला मोकळी कर. दिनेशनं फोन टीव्हीच्या टेबलावर टेकून धरला होता. आम्ही सगळे जमिनीवर बसलेलो. नेट मध्येच अडकलं आणि देवी अर्ध्या मिनिटासाठी चौकोन चौकोन झाली. मग चित्र हललं, आणि तिकडून चुलतभाऊ ओरडला, उजवा! उजवा दिला!

दिनेश रडायलाच लागला. आनंदानं तसाच पायात चप्पल अडकवून बाजारात निघाला, पापलेट आणतो म्हणाला. सासूबाई उठल्या, भिंतीला धरून माझ्यामागून आतल्या खोलीत आल्या. आत सई झोपली होती. तीन दिवस ताप होता तिला, उतरत नव्हता, आदल्या दिवशी रक्त दिलं होतं आणि रिपोर्ट यायचा होता. मी तिच्या कपाळावर पट्टी बदलत होते. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. माझ्याशी इतक्या वर्षांत इतक्या हळू आवाजात त्या कधी बोलल्या नसतील.

"देवीन उजवो दिल्यान. पण चेडू तुजा. तू सांग गो, खाव की नको?"

पोर माझी, म्हणून मला विचारलं. देवीनं हो म्हटल्यावरही मला विचारलं. अकरा वर्षं मासळी सोडलेली ती बाई माझ्या होकारासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि तिला होकार देण्यासाठी खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती, कळतंय ना तुम्हाला? खा आई. बास. दोन शब्द. माझे चार दिवस माझ्याकडे राहिले असते आणि तिला तिचा बांगडा मिळाला असता.

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं. आणि मी— जी नवस मानत नाही, कौल मानत नाही, जिला एकटीलाच ठाऊक होतं की ह्या नवसाला बूडच नाही— मी म्हटलं, "राहू दे आई. इतकी वर्षं केलंत. पोरीचा प्रश्न आहे."

त्यांनी मान हलवली. "सांगलस ता बरा झाला. माका पण भय वाटत होता." आणि भिंतीला धरून बाहेर गेल्या. दिनेश पापलेट घेऊन आला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, मला नको, मन होत नाही. माझं नाव घेतलं नाही. मला झाकलं त्यांनी! मग ओट्यापाशी उभ्या राहून ते पापलेट त्यांनीच साफ केलं.

भीती वाटली म्हणून बोलले, असं तुम्ही माझ्या वतीनं म्हणाल. नका म्हणू. सईचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, साधा व्हायरल, चार दिवसांत शाळेत गेली. मग भीती कुठे होती? त्या दिवशी संध्याकाळी सांगता आलं असतं, आई, खा आता. त्या आठवड्यात सांगता आलं असतं. दोन वर्षांत शंभरदा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आधी वाटलं, कारण विचारतील. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कशाला. पण खरं सांगू? मला ते आवडलं होतं. त्या घरात पहिल्यांदा माझ्या शब्दावर काहीतरी ठरलं होतं, आणि तो शब्द मी फिरवला नाही.

सासूबाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. मनगटं इतकी बारीक झाली आहेत, की बांगड्या कोपरापर्यंत जातात. डॉक्टरांनी दिलेली पावडर दुधातून घेतात आणि तोंड वाकडं करतात. ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून स्वयंपाक आता मी करते. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आमच्या तिघांच्या ताटात मासळी असते आणि त्यांच्या ताटात बटाटा. त्या माझ्या समोर बसतात. मी जेवते. मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. आजही काही बोललेले नाही, आणि बोलणार आहे असं तुम्हाला सांगत नाही.